चारही सिलिंडर ९०, आणि एक्सेलरेटरवर पाय कोणाचाच नाही

इंजिनच्या दुरुस्तीत ₹३४,५०० गेले. पिस्टनच्या रिंगा (सिलिंडरमधला दाब धरून ठेवणाऱ्या कड्या) आणि बेअरिंग ९,२००, हेडचं काम ६,८००, ऑइल-कूलंट ४,५००, मजुरी १४,०००. आणि गाडी कसारा घाटात पुन्हा तशीच रडली.

२००६ ची वॅगन आर. ३,००० आरपीएमच्या वर ओढेना. नाशिकमधल्या अंबडच्या बाजूच्या गॅरेजवाल्याने कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारा काटा) लावला, चारही सिलिंडर ९० पीएसआय, म्हणजे कमीच. "रिंगा गेल्या साहेब, हाफ इंजिन करावं लागेल." म्हणजे इंजिन खोलून रिंगा-बेअरिंग बदलायच्या.

तिथेच कळायला हवं होतं! इंजिन गार. प्लग काढून नुसता सेल्फ मारला, एक्सेलरेटर कोणी दाबलाच नाही. थ्रॉटल, म्हणजे एक्सेलरेटरने उघडणारी हवेची झडप, बंद असलं की सिलिंडरला हवाच मिळत नाही, धडधाकट इंजिनसुद्धा कमी आकडा दाखवतं. शिवाय रिंगा काय चारही सिलिंडरमध्ये मोजून-मापून सारख्या झिजतात? रिंगा गेल्याची बाकी लक्षणंही नव्हती: निळा धूर नाही, ऑइल घटत नाही, ऑइलचं झाकण उघडलं तर फुसफुस नाही. हे सगळं माहीत असून मान डोलावली. पण डोळ्यांसमोर काटा ९० वर थांबलेला असताना कोण वाद घालतो?

टेस्ट गरम इंजिनवर, एक्सेलरेटर पूर्ण दाबूनच करायला लावा. आकडा कमी आला तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या: वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

खरा दोष दुसऱ्या मिस्त्रीने ₹३०० त दाखवला. व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती जोरात ओढतं ते दाखवणारा काटा) आयडलला १७ इंच (नाशिकच्या उंचीवर ठीकच), २,५०० आरपीएमवर धरून ठेवलं तर काटा हळूहळू ८ वर, म्हणजे धुराला बाहेर पडायची वाट नाही. एक्झॉस्टच्या नळीतला पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून, त्या भोकातून धुराला वाट देऊन फिरवली तर गाडी पळाली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (नळीतला, धूर स्वच्छ करणारा जाळीचा डबा) चोंदलेला! प्लगला ठिणगी देणारी एक कॉइल मिसिंग करत होती, मधेच ठिणगी चुकत होती, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटून आतली जाळी वितळली. म्हणून कॉइल आधी बदला, नाहीतर नवा कन्व्हर्टरही जाईल.

जुन्या रिंगा मागितल्या, तर "भंगारात गेल्या". बदलल्या तरी होत्या का, देव जाणे. काम सुरू होण्याआधीच जुने पार्ट परत हवेत असं लिहून घ्या.

तक्रार द्यायला गेलो, तर पोलिस चौकीत दीड तास बाकावर. मग "हा दिवाणी मामला, आपसात मिटवा". दुसऱ्या कचेरीत "आमच्याकडे येत नाही", तिसरीकडे "साहेब मीटिंगला". कॉम्प्रेशन म्हणजे काय हे समजावता समजावता घसा सुकला, एका ओळीचा अर्ज कोणी घेतला नाही.

ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पण तिथे पैसे दिल्याचा पुरावा लागतो. माझ्याकडे वहीचं फाटकं पान आहे, "३४,५०० रोख जमा". खाली सहीसुद्धा नाही.