रेणूचे लक्ष्य शोधताना: हुक लावावा, तापवावे की कापावे?

पेशींवर ठळक परिणाम करणारा एखादा रेणू हाती आला, मग तो वनस्पतीच्या अर्कातून वेगळा केलेला असो वा संयुगांच्या संग्रहातून निवडलेला, की तो नेमक्या कोणत्या प्रथिनाला जाऊन धरतो, हा प्रश्न पुढे उभा राहतो. मानवी जनुकसंचात प्रथिनांचे संकेत असलेली सुमारे २०,००० जनुके आहेत आणि कोणत्याही पेशीत हजारो प्रथिने एकाच वेळी वावरत असतात, त्यामुळे एकेक प्रथिन शुद्ध करून तपासत बसणे शक्य नसते. सगळ्या प्रथिनांना एकदम प्रश्न विचारण्याच्या तीन पद्धती आता चांगल्या रुळल्या आहेत. रेणूला रासायनिक हुक लावून त्याने धरलेली प्रथिने ओढून काढता येतात, पेशी तापवून कोणते प्रथिन अधिक तग धरते ते पाहता येते किंवा प्रथिने थोडीशी कापून कोणत्या जागी काप पडायचा थांबला ते शोधता येते. तिन्हींच्या शेवटी बहुधा मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रथिनांचे तुकडे वस्तुमानावरून ओळखणारे यंत्र, असतो. म्हणून निवड करताना यंत्रापेक्षा आपल्या रेणूचा स्वभाव आधी पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हुक लावण्याच्या पद्धतीला पाया मिळाला तो कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेतील बेंजामिन क्रॅव्हॅट यांच्या कामातून. १९९९ मध्ये त्यांच्या गटाने फ्लुओरोफॉस्फोनेट असलेला एक प्रोब, म्हणजे प्रथिनाला धरून ते ओळखू देणारा हुक लावलेला रेणू, मांडला. सेरीन हायड्रोलेज या विकरांच्या सक्रिय जागेतील सेरीन हे अमिनो आम्ल या प्रोबमधील फॉस्फरसवर हल्ला करते आणि तेथे कायमचा सहसंयुजी बंध तयार होतो. विकर निष्क्रिय असेल तर हा बंध होत नाही, म्हणून या प्रोबवरून प्रथिनाचे नुसते प्रमाण न कळता ते काम करत आहे की नाही हेही कळते. पुढे प्रोबला जड रंगद्रव्याऐवजी चिमुकला अल्काइन गट लावून, तो पेशीत शिरल्यावर क्लिक अभिक्रियेने, म्हणजे दोन ठरावीक गटांना झटकन जोडणाऱ्या अभिक्रियेने, त्याला रंग किंवा प्रथिने ओढून काढण्यासाठीचे बायोटिन जोडण्याची सोय झाली. याच क्लिक रसायनासाठी २०२२ चे नोबेल पारितोषिक कॅरोलिन बर्टोझी, मॉर्टन मेल्डाल आणि बॅरी शार्पलेस यांना मिळाले.

या पद्धतीचा सर्वांत उपयुक्त प्रकार म्हणजे स्पर्धा. पेशींना आधी आपला रेणू द्यायचा, मग प्रोब द्यायचा आणि प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवरची कोणती चमकणारी पट्टी नाहीशी झाली ते पाहायचे. अंधाऱ्या स्कॅनरमधून जेलचे चित्र पडद्यावर येते, शेजारच्या रकान्यात ठळक असलेली एक पट्टी औषध दिलेल्या रकान्यात पुसट होत गेलेली दिसते आणि दिवसाअखेर आपल्या हाती एक खरे निरीक्षण असते. मास स्पेक्ट्रोमीटर जवळ नसलेल्या महाविद्यालयालाही एवढे करता येते, हा मुद्दा आपल्याकडे पुरेसा लक्षात घेतला जात नाही. पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेमध्ये सिद्धेश कामत यांचा गट मेदांच्या चयापचयातील सेरीन हायड्रोलेजवर याच साधनांनी काम करतो, त्यामुळे या कुळातील प्रोबांचा अनुभव महाराष्ट्रातच उपलब्ध आहे.

या पद्धतीचे मोल किती, हे फ्रान्समधील रेन येथील घटनेने दाखवले. जानेवारी २०१६ मध्ये बीआयए १०-२४७४ या संयुगाच्या पहिल्या टप्प्यातील चाचणीत सहा स्वयंसेवकांना रुग्णालयात हलवावे लागले आणि त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. हे संयुग फॅटी ॲसिड अमाइड हायड्रोलेज या एकाच विकराला रोखावे अशी अपेक्षा होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रोबच्या साहाय्याने असे दिसले की मानवी पेशींमध्ये ते मेद तोडणाऱ्या इतरही अनेक लायपेज विकरांना रोखते, तर त्याच विकरासाठी बनवलेले आणि चाचण्यांत सुरक्षित ठरलेले दुसरे संयुग तसे करत नाही. दुर्घटनेचे कारण तेवढ्याने सिद्ध होत नाही. तरीही सहसंयुजी बंध करणारे संयुग माणसाला देण्याआधी अशी तपासणी व्हायलाच हवी, असे मला मनापासून वाटते.

मर्यादा मात्र मोठी आहे. आपला रेणू उलटता येणाऱ्या पद्धतीने, म्हणजे धरून पुन्हा सुटणारा असेल, तर त्याला अल्काइनसोबत डायझिरिनसारखा प्रकाशसंवेदी गटही जोडावा लागतो आणि सुमारे ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकून बंध पक्का करावा लागतो. हे जोडकाम रेणूच्या कोणत्या टोकाला करायचे, यावर सगळे अवलंबून असते. मी स्वतः एकदा संश्लेषणाला सोपे म्हणून रेणूतील एका अमाइन गटावर हुक लावला, प्रोब सुंदर शुद्ध मिळाला आणि चार महिन्यांनी लक्षात आले की पेशींवरचा परिणामच नाहीसा झाला आहे, कारण तोच अमाइन प्रथिनाला धरत होता. म्हणून मूळ रेणू आणि प्रोब यांची जैविक क्रियाशीलता शेजारी शेजारी मोजल्याशिवाय पुढचे एकही पाऊल टाकू नये. शिवाय मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्य पटलातील व्हीडॅकसारखी मुबलक प्रथिने अशा प्रोबांना वारंवार चिकटतात. मूळ रेणू जादा प्रमाणात घालूनही ती यादीतून हटत नसतील, तर त्यांना लक्ष्य मानू नये.

रेणूला हातही लावायचा नसेल तर उष्णतेची पद्धत घ्यावी. अंड्याचा पांढरा भाग तापला की गोठतो, तसेच पेशीतील प्रथिनांचेही होते, फक्त प्रत्येकाचे तापमान वेगळे असते. रेणू धरून बसलेला असेल तर प्रथिनाची घडी बहुधा अधिक उष्णता सहन करते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील पॅर नॉर्डलुंड यांच्या गटाने २०१३ मध्ये हे थेट पेशींमध्ये दाखवले आणि २०१४ मध्ये हायडेलबर्ग येथील मिखाइल सवित्स्की व सहकाऱ्यांनी ते हजारो प्रथिनांवर एकदम नेले. दहा नळ्या, दहा तापमाने आणि प्रत्येकी तीन मिनिटे, एवढाच तापवण्याचा भाग असतो. नंतर अपकेंद्री यंत्रातून काढल्यावर तळाशी गोठलेली प्रथिने बसतात आणि वरच्या द्रवात कोण उरले ते मास स्पेक्ट्रोमीटर सांगतो.

याच अभ्यासात एक अनपेक्षित गोष्ट सापडली. त्वचेच्या मेलानोमावरील व्हेम्युराफेनिब हे कायनेज-रोधक (प्रथिनांवर फॉस्फेट चढवणाऱ्या विकरांना रोखणारे) औषध हीम या रक्तातील लोहयुक्त घटकाच्या निर्मितीतील फेरोकेलेटेज या विकरालाही धरते. हे विकर जन्मतः कमी असलेल्यांची त्वचा उन्हाला फार संवेदनशील असते आणि व्हेम्युराफेनिब घेणाऱ्या रुग्णांमध्येही उन्हाचा त्रास दिसतो, त्यामुळे दुवा अर्थपूर्ण होता. २०१६ मध्ये म्युनिकच्या एका गटाने मण्यांवर बांधलेल्या रोधकांच्या वेगळ्याच पद्धतीने पाहिले, तेव्हा फेरोकेलेटेज अनेक कायनेज-रोधकांचे अनपेक्षित लक्ष्य असल्याचे आढळले. दोन स्वतंत्र मार्गांनी एकच प्रथिन समोर आले की त्यावर विश्वास ठेवायला हरकत नसते.

उष्णतेच्या पद्धतीत फसगत दोन ठिकाणी होते. काही प्रथिने, विशेषतः मोठी आणि अनेक भागांची, रेणू धरूनही आपले वितळण्याचे, म्हणजे घडी मोडण्याचे, तापमान बदलत नाहीत, म्हणून यादीत नाव नसणे हा पुरावा ठरत नाही. उलट जिवंत पेशीत रेणूच्या परिणामामुळे इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढते किंवा उतरते आणि त्यांचेही वितळण्याचे तापमान सरकते. त्यामुळे प्रयोग अखंड पेशीत आणि पेशी फोडून काढलेल्या द्रवात असा दोन्हीकडे करावा. द्रवातही सरकणारी प्रथिने थेट लक्ष्य असण्याचा संभव अधिक असतो. यंत्रावरचा वेळ कमी असल्यास सर्व तापमानांचे नमुने एकत्र मिसळून एकच मोजमाप करणारी, २०१९ मध्ये मांडली गेलेली पिसा ही सुधारणा वापरावी. वितळण्याचा आलेख त्यात मिळत नाही, पण त्याच वेळात अधिक मात्रा आणि अधिक पुनरावृत्ती बसतात, आणि हा सौदा मला फायद्याचा वाटतो.

कापण्याची पद्धत झुरिकच्या पाओला पिकोत्ती यांच्या गटाने २०१४ मध्ये मोठ्या प्रमाणावर आणली. पेशीच्या द्रवात प्रोटिनेज-के हे कोठेही काप घालणारे विकर जेमतेम काही मिनिटे सोडायचे आणि वेळ संपताच उकळत्या तापमानाला नेऊन थांबवायचे असते. येथे अर्ध्या मिनिटाची चूकही निकाल बिघडवते. रेणूने झाकलेल्या जागी काप पडत नाहीत, त्यामुळे प्रथिनाच्या नावाबरोबर रेणू कोठे बसला याचाही अंदाज येतो, जो उष्णतेतून येत नाही. मात्र ही पद्धत फोडलेल्या पेशींवरच चालते आणि हजारो पेप्टाइडांमधून, म्हणजे प्रथिनांच्या तुकड्यांमधून, खोटे संकेतही निघतात. एकाच मात्रेवर विसंबू नये, चढत्या मात्रांची मालिका लावावी.

तेव्हा रेणूमध्ये ॲक्रिलामाइड किंवा क्लोरोॲसिटामाइडसारखा बंध करणारा गट असेल, तर मी विनासंकोच प्रोबकडे जाईन, तेही आपल्या रेणूला हुक न लावता, कारण सिस्टीन या अमिनो आम्लावर बसणारा आयोडोॲसिटामाइड-अल्काइन स्पर्धेसाठी तयार मिळतो. रेणू धरून सुटणारा आणि हाती काही मिलिग्रॅमच असेल, तर आधी पिसा करावी आणि वर आलेल्या चार-पाच नावांसाठी कापण्याची पद्धत वापरावी. लक्ष्य पेशीपटलात रुतलेले असल्याचा संशय असेल तर प्रकाशसंवेदी प्रोबचे कष्ट घ्यावेत, कारण उरलेल्या दोन्ही पद्धती तेथे कमी पडतात.

मिळालेली यादी ही उमेदवारांची यादी असते. गर्भात व्यंग निर्माण करणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाचे लक्ष्य असलेले सेरेब्लॉन हे प्रथिन २०१० मध्ये टोकियोत हिरोशी हांडा यांच्या गटाने मण्यांवर रेणू बांधून शोधले, पण ते तेथे थांबले नाहीत. औषध धरता येऊ नये म्हणून त्यांनी सेरेब्लॉनमधील दोन अमिनो आम्ले बदलली आणि ते बदललेले प्रथिन झेब्राफिशच्या भ्रूणात घातले. थॅलिडोमाइड असूनही त्या भ्रूणांचे पर बऱ्याच अंशी नीट वाढले.