सीपीआर शिकवायचं तर वर्षातून एक दिवस की महिन्याला दहा मिनिटं?

खानापूरकडच्या एका नर्सिंग कॉलेजात माझ्या मित्राने यंदा स्किल लॅबचा चार्ज घेतला. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून आणि श्वास देऊन त्याला जगवायचं कौशल्य, ते शिकवायला थोडे पैसे मंजूर झालेत. बाहेरून इन्स्ट्रक्टर बोलावून दिवसभराचं वर्कशॉप घ्यावं, की एक साधी डमी आणून महिन्याच्या महिन्याला आपणच मुलींकडून करून घ्यावं, असं त्याने फोनवर विचारलं. "दोन्ही चांगलंच की," म्हणून मी मोकळा झालो आणि रात्री ते उत्तर मलाच टोचत राहिलं. मी दोन्ही केलंय. निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या कॉलेजात आधी चार वर्षं वर्कशॉप घेतलं, आता तीन वर्षं महिन्याचा सराव चाललाय. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोली, ३० दाबांना २ श्वास हे तुम्हाला पाठ आहे असं धरून पुढचं लिहितो.

वर्कशॉपला मी नावं ठेवणार नाही. बाहेरचा माणूस आला की मुली कान टवकारून ऐकतात, घरच्या मास्तराचं तेवढं कोण ऐकतो? त्यांच्या डम्या खोली-वेग दिव्यांवर दाखवतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१९पासून प्रौढांच्या सीपीआर कोर्समध्ये असं फीडबॅक देणारं उपकरण सक्तीचं केलंय, त्यामुळे तो दर्जा आपोआप मिळतो. एईडी, म्हणजे हृदयाला शॉक देणारं यंत्र, हाताळायला मिळतं, जे आमच्या कॉलेजात फक्त चार्टवर होतं. आणि आरडाओरडा शिकवतात, याला मी फार किंमत देतो. अंबू बॅग म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी; आमच्या मुली "सिस्टर, अंबू बॅग द्या" हे देवळात पुटपुटल्यासारखं म्हणतात. वर्कशॉपच्या दिवशी संध्याकाळी पाचला त्याच मुली वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा ओरडत होत्या. त्या दिवशीचे त्यांचे दाब माझ्या हाताखाली पहिल्या दोन-तीन महिन्यांत होतात त्याहून चांगले होते, हे कबूल.

खर्च, जेवण, बॅनर, उद्घाटनाची भाषणं यावर शब्द घालवत नाही. रांगेचं मात्र सांगतो. साठ मुली, चार डम्या. भाषणं आणि डेमो वजा जाता सरावाला दोन तास उरले तर एकीच्या वाट्याला आठ मिनिटं, तीही सगळं सुरळीत चाललं तर.

आमचं वर्कशॉप जानेवारीत झालं. जूनमध्ये क्लिनिकल पोस्टिंगवरून परतलेल्या चौदा जणींना मी न सांगता स्किल लॅबमध्ये बोलावलं. पायऱ्या सगळ्यांना तोंडपाठ. हात छातीवर बरोबर जागी. पण आमच्या जुन्या डमीत पुरेसं दाबलं की "टक्" वाजतं, ते चौदांपैकी नऊ जणींना सलग वाजवता आलं नाही. दोन श्वासांसाठी दाब दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबू नयेत, तिथे मी मनात चौदा-पंधरापर्यंत मोजत होतो. आणि प्रत्येकीने उठताना विचारलं, "बरोबर झालं काय सर?" त्या विचारण्यात शंका नव्हती, खात्रीच होती. तीन ते सहा महिन्यांत हे कौशल्य ओसरतं असं अभ्यासांत वाचलं होतं, ते त्या दुपारी डोळ्यांनी बघितलं. डोक्यातलं राहतं, हातातलं जातं. आणि हातातलं गेल्याचं ज्याचं त्याला कळत नाही.

तरीही मी वर्कशॉप सोडलं नसतं. सोडायला लावलं ते वर्कशॉपनंतर मिळणाऱ्या प्रमाणपत्राच्या कार्डाने.

नऊ जणींना म्हटलं, उद्यापासून सकाळी दहा मिनिटं या. एकजण हसत म्हणाली, "सर, आमचं कार्ड हाय की अजून दीड वर्ष." तिचं चुकलं नव्हतं, कार्ड दोन वर्षांचंच असतं. वरिष्ठांकडे सरावाचा वेळ मागायला गेलो तर तिथेही तेच: कार्ड झालंय ना, मग पुन्हा कशाला? वॉर्डातल्या इनचार्ज सिस्टरही पोस्टिंगच्या मुली सोडायला तयार नाहीत, त्यांचाही मुद्दा कार्डच. वर्कशॉपनंतर आठवडाभर मला एकच प्रश्न होता, "सर, कार्ड कधी येतंय?" ते आलं की लॅमिनेट होऊन फाईलमध्ये जातं आणि विषय संपतो. शिकवलेलं टिकवायची वेळ जेव्हा सुरू होते, नेमकं तेव्हाच कार्ड सगळ्यांना सांगतं की काम झालं. ज्या अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोन वर्षं चालतं, तिचाच तीन-तीन महिन्यांनी थोडा थोडा सराव करून घेणारा कार्यक्रम आहे, हे मी वरिष्ठांना दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा चहा मिळाला.

आपल्या अभ्यासक्रमाचंही बघा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१च्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात बीसीएलएसचं, म्हणजे सीपीआर ज्यात येतं ते, मॉड्यूल तिसऱ्या सेमिस्टरला, अॅडल्ट हेल्थ नर्सिंगमध्ये येतं. मुलगी बाहेर पडते आठव्यानंतर. मधली अडीच-तीन वर्षं ते कशावर टिकायचं?

आता महिन्याचा सराव. आमची डमी जिन्याखाली चटईवर असते. मुलींनी तिचं नाव गंगव्वा ठेवलंय. प्रत्येकीने महिन्यातून एकदा यायचं, दोन मिनिटं दाब द्यायचे, जोडीदारणीशी जागा बदलायची, पुन्हा दोन मिनिटं, लॉगबुकात सही. मोबाईलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरल्या वेगाने ठोके वाजवणारं अॅप, मिनिटाला ११०वर. मी दर वेळी नसतो. फायनल इयरच्या दोघी-तिघी बघतात आणि धाकट्या "अक्का, बघ की" म्हणत त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतात. माझ्यापुढे मुली घाबरून दाबतात, अक्कापुढे नीट दाबतात.

वर्कशॉपच्या गर्दीत कधी दिसल्या नसत्या अशा गोष्टी इथे दिसल्या. पहिली मोजणीची. वर्कशॉपमध्ये सगळे एकसुरात इंग्रजीत मोजतात. एकटी मुलगी घाबरली की आपल्या भाषेत मोजते. मराठीत विसापर्यंत गाडी सपाट जाते, पुढे जीभ जड होते आणि "एकोणतीस"ला हात एक ठोका अडतो. कन्नडमधलं "इप्पत्तोंबत्तु" तर त्याहून लांब. तीस दाब १५ ते १८ सेकंदांत व्हायला हवेत, तिथे शेवटच्या दहात वेग खाली यायचा. आता आम्ही एक ते दहा असं तीनदा मोजतो, कितवं दशक चाललंय ते अंबू बॅगवाली लक्षात ठेवते. कुठल्या पुस्तकात हे आहे की नाही कोण जाणे, आमच्याकडे चाललं.

दुसरी गोष्ट खाटेची. जमिनीवर उत्तम करणारी मुलगी वॉर्डातल्या गादीवर फसते, कारण गादीच खाली जाते आणि तिला वाटतं छाती दाबली गेली. म्हणून तीन महिन्यांतून एकदा गंगव्वाला खाटेवर चढवतो, एकदा पाठीखाली फळी घालून, एकदा फळीशिवाय. चाळीस-बेचाळीस किलोच्या मुलीला पायाखाली स्टूल लागतं, खांदे हातांच्या बरोबर वर यावे लागतात, हेही तिथेच समजतं. मनगटाने ढकलणारी मुलगी मिनिटभरात दमते.

माझी बाजू झुकते आहे हे तुम्हाला कळलंच असेल. तेव्हा या पद्धतीचे काटेही सांगतो. पहिला किल्लीचा. डमी डेड स्टॉक रजिस्टरला चढलेली वस्तू. पहिलं वर्षभर ती कपाटात, किल्ली स्टोअरमध्ये आणि स्टोअरवाले जेवायला. गंगव्वा जिन्याखाली यायला मला तीन अर्ज लागले. दुसरा स्प्रिंगचा. रोजच्या वापराने तो सैल झाला की "टक्" लवकर वाजतो आणि मुली तेवढ्यावर समाधान मानतात. सहा महिन्यांनी पट्टी लावून तपासा. तिसरा सगळ्यात लाजिरवाणा. साधी डमी खोली सांगते, पण छाती पूर्ण वर येऊ दिली की नाही ते सांगत नाही. करून दाखवताना माझेच हात वर्षभर डमीच्या छातीवर किंचित रेलत होते आणि मुलींनी तेच उचललं. ते पकडलं दुसरीकडच्या एका वर्कशॉपमधल्या इन्स्ट्रक्टरने, मी स्वतः शिकायला गेलो होतो तेव्हा.

माझ्याकडे मोजमाप म्हणावं असं काही नाही, एक "टक्" आणि माझे डोळे. पण हे कोणी मोजलंच नाही असं नाही. अमेरिकेत मॅरिलिन ओरमन आणि सहकाऱ्यांनी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांवरच महिन्याला सहा मिनिटांचा सराव करून बघितला, २०११ साली तो छापून आला. सराव करणाऱ्यांचं कौशल्य वर्षभर टिकलं, न करणाऱ्यांची दाबांची खोली घसरली. त्यांच्याकडे बोलून चूक सांगणारी डमी होती, माझ्याकडे गंगव्वा आहे. तेवढा फरक धरूनच माझं बोलणं घ्या.

तर मित्रा, तुझ्या फायनल इयरच्या मुली येत्या दोन-तीन महिन्यांत पुण्या-गोव्याच्या, कोल्हापूरच्या मोठ्या हॉस्पिटलांत मुलाखतीला जाणार असतील तर वर्कशॉप घे. तिथे कार्ड विचारतात, आणि मुलीचा पगार माझ्या तत्त्वांपेक्षा मोठा. नाहीतर मी डमी घेईन. उरलेल्या पैशांत एका ट्यूटरला, शक्यतो स्वतःलाच, दर दोन वर्षांनी चांगल्या कोर्सला पाठवेन, म्हणजे रेलणारे हात कोणीतरी पकडेल. तिसऱ्या सेमिस्टरच्या मॉड्यूलनंतर लगेच सुरू कर, सुट्टीचा महिना मध्ये येऊ देऊ नको.

आणि डमीची ऑर्डर द्यायच्या आधी ती कुठे ठेवणार ते लेखी घे. किल्ली कोणाकडे राहील, तेही त्याच कागदावर.