नोबेलच्या संकेतस्थळावरील मोफत वाचन : कामाचा शोध आणि बेकारी

जागा रिकाम्या असूनही माणसे बेकार का राहतात, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी नोबेलच्या संकेतस्थळावर २०१० च्या अर्थशास्त्र पारितोषिकाविषयी असलेले विनामूल्य साहित्य अवश्य वाचावे. पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि ख्रिस्तोफर पिसारिडिस यांच्या मांडणीचा गाभा असा की, कामगार आणि मालक यांना एकमेकांना शोधण्यास वेळ व पैसा लागतो, त्यामुळे मागणी असतानाही काही बेकारी शिल्लक राहते. प्रसिद्धिपत्रक सुबोध आहे. शास्त्रीय पार्श्वभूमीचे टिपण मात्र गणिताची सवय नसलेल्यांना जड जाईल.

बेकारांना मिळणारा भत्ता वाढला की कामाचा शोध लांबतो आणि बेकारी वाढते, हा निष्कर्ष तेथे थेट येतो. परंतु त्याच सवडीत अधिक जुळणारे काम सापडू शकते, ही बाजू मला तितकीच महत्त्वाची वाटते. आपल्याकडे, जिथे बहुसंख्य कामगार असंघटित क्षेत्रात आहेत आणि असा भत्ता फार थोड्यांना मिळतो, तिथे शोध चालू ठेवणे हीच चैन ठरते, आणि मिळेल ते काम धरणारा माणूस बेकारांच्या आकड्यात दिसतही नाही. अर्थशास्त्राच्या पदवी वर्गाला हे साहित्य पाठ्यपुस्तकाआधी द्यावे.