लिस्बन : मुक्काम बायशात, भटकंती अल्फामात

दोन-तीन दिवसांसाठी लिस्बनला जाताय, तर मुक्काम बायशा या मध्यवर्ती भागातच करा. भाग सपाट आहे. विमानतळावरून मेट्रोची लाल लाइन, अलामेडाला बदलून हिरवी, की बायशातलं रोसियू स्टेशन आलंच. अल्फामा या जुन्या वस्तीतली घरं देखणी खरी, पण गल्ल्या चढाच्या, दगडी, पायऱ्यांच्या. टॅक्सी बऱ्याचदा दारापर्यंत येत नाही आणि चाकांच्या बॅगेचे तिथे हाल होतात. मेट्रो-ट्रॅमच्या प्रवासासाठी नावेगांत कार्ड घेतलंत तर प्रत्येकाचं वेगळं लागतं.

28 नंबरची ट्रॅम मधल्या थांब्यांवर खच्चून भरलेली येते. सकाळी लवकर मार्तिम मोनिझला, म्हणजे सुरुवातीच्याच थांब्यावर चढा, पाकीट पुढच्या खिशात ठेवा आणि पोर्ताश दू सोलला उतरा. तिथून अल्फामा उताराने पायीच बघावा, फार सुंदर आहे! लिस्बनच्याच बेलें भागातला जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतो.