एक लिटरची स्टीलची थर्मास बाटली, सात महिन्यांनी लिहितेय

बाटली मार्चमध्ये घेतली, 1,150 रुपयांना. किती तास गरम किती तास थंड ते सगळं तुम्हाला माहीतच आहे, परत लिहीत नाही. मला बोलायचंय ते झाकणातल्या रबर रिंगबद्दल.

मे महिन्यात आमच्या चर्चच्या मंडळीतले आम्ही वीस-बावीस जण तुर्कीला गेलो, बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, ज्या सात मंडळ्यांना पत्रं आहेत ती गावं बघायला. सोबत आत्या, वय 71, घसा कायम धरलेला, तिला दिवसभर गरम पाणी लागतं, तिच्यासाठीच तर बाटली घेतली होती. पहिले चार दिवस एक नंबर. इफिसला सकाळी हॉटेलात भरलेलं पाणी दुपारी दोनला थिएटरच्या पायऱ्यांवर बसून ओतलं तर वाफ येत होती. याच थिएटरमध्ये लोक दोन तास "इफिसकरांची अर्तमी थोर!" म्हणून ओरडत होते (बायबल, प्रेषितांची कृत्ये, अध्याय 19), आणि त्या अर्तमी देवीच्या देवळाचा आज एकच खांब उभा आहे, तोही सापडलेले तुकडे एकमेकांवर रचून. तिथे आत्या बराच वेळ गप्प बसून होती.

मग पामुक्कलेच्या हॉटेलात रात्री झाकण धुताना रिंग निसटली आणि बेसिनच्या भोकात गेली. खाच एवढी उथळ ठेवलीय की बोट फिरवलं तरी रिंग बाहेर येते, हे डिझाइन करणाऱ्याने घरी एकदा तरी झाकण धुवून बघायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी लावदिकीया, त्या सातांपैकी शेवटचं गाव. अर्धं पाणी पिशवीत गळलं, आत्याचं पवित्र शास्त्र कडेने भिजलं, आणि अकरा वाजेपर्यंत उरलेलं पाणी कोमट. आत्याने एक घोट घेतला आणि बाटली परत दिली. "त्यापेक्षा गारच आण गं," म्हणाली.

तिथेच थोड्या वेळाने पाळकसाहेबांनी लावदिकीयाच्या मंडळीला लिहिलेलं पत्र वाचलं, ज्यात प्रभू तिला कोमट म्हणतो: "तू शीत नाहीस व उष्ण नाहीस." मी संडे स्कूलपासून ऐकत आलेय की उष्ण म्हणजे आवेशाचा विश्वास आणि शीत म्हणजे मेलेला. मग प्रभू "शीत किंवा उष्ण असतास तर बरे होते" असं का म्हणतो हे मला कधी सुटलं नव्हतं, विचारायचीही भीती वाटायची. तिथे उभं राहिलं की समोर उत्तरेला हिरापलीचा, म्हणजे पामुक्कलेचा, पांढरा डोंगर दिसतो, तिथे गरम झरे, लोक अंग शेकायला जायचे. पूर्वेकडे कलस्सै गाव, तिथे डोंगरातून येणारं गार पाणी. लावदिकीयाला मात्र पाणी दक्षिणेकडून पाइपने आणावं लागायचं, ते दगडी पाइप आजही पडलेत, आत चुन्याचे थर बसून भोक अर्धं बुजलेलं. पैसा एवढा की इसवी सन 60 च्या भूकंपानंतर रोमची मदत न घेता शहर परत उभं केलं, पण पाणी ते असं. म्हणजे गारही चांगलं आणि गरमही चांगलं, दोन्ही कोणाच्या तरी कामाचं. मी हातात ती बाटली घेऊन उभी होते आणि मला रडू आलं. इतकी वर्षं मी देवाला विचारत होते की माझी भक्ती पुरेशी गरम आहे का, माझा कोणाला काही उपयोग होतो का हे कधी विचारलंच नव्हतं.

परत आल्यावर कस्टमर केअर. रिंग वॉरंटीत येत नाही, सुटी मिळत नाही, पूर्ण झाकण घ्या, 450 रुपये. अकरा फोन केले, तीन मेल. रबराच्या एका गोल तुकड्यासाठी बाटलीच्या किमतीच्या जवळजवळ चाळीस टक्के मागणं हे मला अजिबात पटलेलं नाही. शेवटी पुण्यात बोहरी आळीत कुकर रिपेअरवाल्याकडे झाकण घेऊन गेले, त्याने मापाची रिंग शोधून दिली, 15 रुपये. कंपनीच्या रिंगपेक्षा घट्ट बसते.

तेव्हा 2 स्टार देणार होते, आता 4 देतेय. ऑगस्टपासून दर रविवारी उपासनेनंतर मी आणि आत्या सरकारी दवाखान्यात जातो, वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना चहा द्यायला. एका बाटलीत साधारण दहा कप होतात आणि शेवटचा कपही चांगला गरम असतो. एक स्टार कापला तो झाकणासाठीच. दुधाच्या चहाचा वास बाटलीत बसतो, खायचा सोडा आणि गरम पाणी घालून रात्रभर ठेवा, आणि धुताना आधी बेसिनला जाळी लावा.