सुटकेनंतर सुरू होणारी गोष्ट : ‘आय ॲम डेव्हिड’

डॅनिश लेखिका ॲन होल्म यांची ‘डेव्हिड’ ही किशोर कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली आणि १९६५ मध्ये ‘आय ॲम डेव्हिड’ या नावाने ती इंग्रजीत आली. मला तिची प्रत फोर्टमध्ये पदपथावरच्या जुन्या पुस्तकांत मिळाली. मुखपृष्ठ पाहून पाठलागाची साहसकथा असावी असे वाटले होते. प्रत्यक्षात पलायन पहिल्या काही पानांतच उरकते. कैद्यांच्या छावणीतला एक माणूस काडी ओढील, तेव्हा कुंपणातली वीज अर्धा मिनिट बंद असेल आणि तेवढ्यात बारा वर्षांच्या डेव्हिडने पलीकडे जायचे, एवढीच ती योजना. पुढे ग्रीसमधले सॅलोनिका बंदर, जहाजाने इटली आणि तिथून उत्तरेला डेन्मार्ककडे असा त्याचा प्रवास होतो.

कळायला लागल्यापासून छावणीच पाहिलेल्या मुलाला बाहेरचे जग कसे दिसेल, हा या कादंबरीचा खरा विषय आहे आणि तिथे होल्म यांची लेखणी फार संयमाने चालते. करडा आणि तपकिरी याखेरीज फारसे रंग ठाऊक नसलेला डेव्हिड इटलीच्या किनाऱ्यावर उजाडताना निळा समुद्र आणि हिरवे डोंगर पाहतो, तेव्हा त्याला रडू कोसळते. लेखिका मात्र त्यावर एका शब्दाचेही भाष्य करत नाही. त्याला साबणाचे अप्रूप आहे, खेळणे म्हणजे काय हे माहीत नाही आणि कोणी प्रेमाने विचारपूस केली तरी आधी संशयच येतो. आगीतून ज्या मुलीला तो वाचवतो, तिच्या घरी त्याला माया मिळते, पण तिच्या आईवडिलांना त्याच्या डोळ्यांची भीतीही वाटते. या प्रकरणात चांगल्या माणसांची अडचण जितक्या प्रामाणिकपणे आली आहे, तितकी बालसाहित्यात क्वचितच आढळते. सहावीतल्या माझ्या भाचीला हा भाग वाचून दाखवला, तेव्हा “त्याला हसता का येत नाही?” एवढेच तिने विचारले आणि पुढचे पान स्वतःच ओढून घेतले.

उणिवा आहेत. छावणीतल्या कैद्यांकडून अनेक भाषा शिकलेला डेव्हिड कधी कधी वयापेक्षा फारच शहाणे बोलतो, आणि शेवट ज्या योगायोगावर उभा आहे तो मोठ्या वाचकाच्या पचनी पडणे कठीण आहे. (मुलांची त्याला हरकत नसते, हेही खरे.) कुत्र्याचा प्रसंग हळव्या मुलांना चटका लावणारा आहे, तो पालकांनी आधी वाचून ठेवावा.

इंग्रजी सोपे असले तरी प्रकरणे लांब आहेत. म्हणून मराठी माध्यमातल्या मुलांना रोज थोडे वाचून, जिथे अडेल तिथे मराठीत सांगत पुढे जावे. दहा वर्षांखालच्या मुलांना मात्र इतक्यात देऊ नये.