ऑटोडॉक व्हिना : पोज चोख, स्कोअर मात्र जपून

संगणकीय औषधशोध किंवा विषशास्त्र घेऊन पदव्युत्तर प्रबंधाला बसलं की डॉकिंगसाठी (रेणू प्रथिनात कसा बसेल याचा संगणकावर अंदाज घेण्यासाठी) पहिलं सॉफ्टवेअर हाती येतं ते बहुधा ऑटोडॉक व्हिना. अपाचे २.० परवान्याखाली खुलं, पूर्ण मोफत, आणि साध्या लॅपटॉपवरही एका रेणूचं डॉकिंग काही मिनिटांत उरकणारं. स्क्रिप्स संशोधन संस्थेतल्या ओलेग ट्रॉट आणि आर्थर ओल्सन यांचा त्यावरचा मूळ शोधनिबंध २०१० चा, १.२ ही मोठी सुधारित आवृत्ती २०२१ मध्ये आली. आमचं मत आधीच सांगतो: रेणू प्रथिनाच्या खोबणीत कसा बसतो, म्हणजे त्याचा पोज, शोधायला व्हिना उत्तम. कोणता रेणू जास्त घट्ट बसतो हे स्कोअरवरून (बंधनऊर्जेचा अंदाज; जितका जास्त उणे तितका घट्ट) ठरवायला कामचलाऊ. आणि रेणू विषारी आहे की नाही याचा निवाडा द्यायला अजिबात नाही. दुर्दैवाने अनेक प्रबंधांत त्याचा वापर नेमका उलट्या क्रमाने होतो.

इन्स्टॉल करताना १.२ किंवा त्यापुढचीच आवृत्ती घ्या. जुने धडे १.१.२ वर बेतलेले असतात. त्यातली लॉग फाइल लिहिणारी सूचना नव्या आवृत्तीत काढून टाकली आहे, त्यामुळे जुनी आज्ञा तशीच चिकटवली की प्रोग्राम पहिल्याच ओळीला अडतो. स्क्रीनवरचं आउटपुट फाइलमध्ये वळवलं की काम भागतं. लिगँड (प्रथिनात बसणारा छोटा रेणू) तयार करायला सोबत मीको आणि आरडीकिट ही साधनं घ्या.

सॉफ्टवेअर नीट चालतंय का हे तपासायला प्रोटीन डेटा बँक या प्रथिनरचनांच्या संग्रहातली १आयईपी ही रचना घ्यावी. यात एबल कायनेज या प्रथिनात इमॅटिनिब हे औषध बसलेलं आहे. ए साखळी ठेवा, पाणी काढा, इमॅटिनिब वेगळ्या फाइलमध्ये घ्या, दोन्हींना हायड्रोजन लावा आणि दोन्हींच्या पीडीबीक्यूटी, म्हणजे व्हिना वाचतं त्या प्रकारच्या, फाइल बनवा. बॉक्सचा (रेणूची जागा शोधायच्या चौकटीचा) मध्य १५.१९०, ५३.९०३, १६.९१७ आणि प्रत्येक बाजू २० अँगस्ट्रॉम ठेवा. एक्झॉस्टिव्हनेस मुळात ८ असतो, तो ३२ करा. त्याचा अर्थ इतकाच की शोध तितक्या वेळा स्वतंत्रपणे, नव्या यादृच्छिक सुरुवातीपासून होतो. वेळही त्याच प्रमाणात वाढतो. इमॅटिनिबसारख्या लांब, वळणाऱ्या रेणूला ८ मध्ये कधी बरोबर जागा सापडते, कधी निसटते. ३२ ला पहिला पोज स्फटिकातल्या जागेवर यायला हवा आणि स्कोअर उणे १३ किलोकॅलरी प्रति मोलच्या आसपास दिसायला हवा.

"जागेवर आला" हे मोजायचं आरएमएसडीने (दोन पोजमधल्या अणूंचं सरासरी अंतर). २ अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर रीडॉकिंग, म्हणजे स्फटिकातलाच रेणू पुन्हा डॉक करणं, जमलं असं मानतात. इथे दोन चुका इतक्या सर्रास होतात की त्यांच्यासाठी थोडं थांबायला हवं. व्हिनाच्या निकालाच्या तक्त्यात आरएमएसडीचे दोन रकाने असतात आणि पहिल्या ओळीत दोन्हीकडे शून्य असतं. ते शून्य पाहून "रीडॉकिंग आरएमएसडी ०.०००" असं प्रबंधात लिहिलं जातं. ते अंतर स्फटिकापासूनचं नसून पहिल्या पोजपासूनचं आहे. पहिल्या पोजचं स्वतःपासूनचं अंतर शून्यच असणार! दुसरी चूक पायमॉल या रेणू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली. अलाइन ही आज्ञा आधी एक रेणू उचलून दुसऱ्यावर बसवते आणि मग अंतर मोजते, म्हणजे खोबणीत भलतीकडे पडलेला पोजही उत्तम ठरू शकतो. जागा न हलवता मोजणारी आरएमएस-कर ही आज्ञा आहे. रेणूत फिनाइलसारखी सममित वलयं असतील तर सममिती जमेस धरणारं ओपन बॅबेलचं ओबीआरएमएस वापरावं, नाहीतर उलटं फिरलेलं पण तसंच दिसणारं वलय उगाच चूक म्हणून मोजलं जातं.

रीडॉकिंगसाठी स्फटिकातलाच लिगँड जसाच्या तसा देणं ही परीक्षा फार सोपी होते. व्हिना वळणारे बंध फिरवतं, पण बंधांची लांबी, कोन आणि वलयांचा आकार दिलेल्या फाइलमधलाच ठेवतं. म्हणून स्माइल्सपासून (रेणूची एका ओळीत लिहिलेली रचना) नवी त्रिमिती रचना बनवून तीही डॉक करा. सायक्लोहेक्सेन किंवा पिपरिडिनचं वलय खुर्चीऐवजी नावेच्या आकारात गेलं असेल तर ते शेवटपर्यंत नावेसारखंच राहील, कितीही एक्झॉस्टिव्हनेस वाढवा. स्माइल्समध्ये किरल केंद्राची (ज्या अणूभोवतीची मांडणी डावी किंवा उजवी असू शकते त्याची) खूण नसेल तर प्रोग्राम कोणतातरी एक समघटक निवडून मोकळा होतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

बॉक्सच्या बाबतीत जुन्या ऑटोडॉक टूल्सची सवय घात करते. तिथे बाजू ग्रिडच्या बिंदूंत मोजतात आणि दोन बिंदूंतलं अंतर मुळात ०.३७५ अँगस्ट्रॉम असतं, म्हणजे ६० बिंदू म्हणजे २२.५ अँगस्ट्रॉम. व्हिना तोच ६० चा आकडा थेट अँगस्ट्रॉम समजतं. बॉक्स होतो २,१६,००० घन अँगस्ट्रॉमचा, तर व्हिना २७,००० च्या पुढेच इशारा देतं. तो इशारा वाचा. एवढ्या मोठ्या जागेत नेहमीच्या एक्झॉस्टिव्हनेसने शोध विरळ होतो आणि प्रत्येक वेळी वेगळं उत्तर येतं. सीड (यादृच्छिक सुरुवात ठरवणारा आकडा) बदलून तीन-चार वेळा चालवून पाहा. पहिला पोज दर वेळी बदलत असेल तर तुमचा शोध अपुरा आहे.

आता स्कोअर. मूळ शोधनिबंधात दिलेली प्रमाण त्रुटी सुमारे २.८५ किलोकॅलरी प्रति मोल आहे. खोलीच्या तापमानाला १.३६ किलोकॅलरी म्हणजे बंधनात दहापट फरक. म्हणजे ही त्रुटी शंभरपटीहून मोठी झाली. तरीही उणे ८.४ आणि उणे ८.९ मिळालेल्या रेणूंत दुसरा "अधिक प्रभावी" असं लिहिलं जातं. ०.५ चा फरक त्या त्रुटीत केव्हाच बुडून जातो. शिवाय रेणू मोठा झाला की अणूंचे संपर्क वाढतात आणि स्कोअर आपसूक सुधारतो. व्हिनाच्या स्कोअरवरून केआयचे (निरोधन स्थिरांकाचे) नॅनोमोलर आकडे काढून तक्त्यात मांडणं तर बंदच करावं, ही कळकळीची विनंती. अनेक रेणू चाळायचे असतील तर त्या प्रथिनावर क्रियाशील ठरलेले रेणू आणि भौतिक गुणधर्मांत त्यांच्यासारखे पण रचनेने वेगळे असे डिकॉय (फसवे रेणू) एकत्र डॉक करून आरओसी आलेख (क्रियाशील रेणू डिकॉयच्या आधी येतात का हे दाखवणारा) काढा. डीयूडी-ई या संचात प्रत्येक क्रियाशील रेणूमागे ५० डिकॉय दिलेले आहेत. तिथेच व्हिना दोघांना वेगळं करू शकलं नाही तर त्या प्रथिनासाठी स्कोअरचा क्रम वापरू नका.

विषशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एक उदाहरण नीट समजून घ्यावं. टर्फेनाडिन हे ॲलर्जीचं औषध हृदयातली हर्ग ही पोटॅशियम वाहिनी अडवतं. यकृतातलं सीवायपी३ए४ हे विकर एरवी त्याचं फेक्सोफेनाडिन करून टाकतं. सोबत किटोकोनॅझोल हे बुरशीरोधक घेतलं की हे रूपांतर थांबतं, टर्फेनाडिन रक्तात साचतं आणि हृदयाची लय बिघडते. म्हणूनच ते १९९० च्या दशकात बाजारातून गेलं. दोन्ही रेणूंत फरक एवढाच की एका मिथाइलच्या जागी विद्युतभार असलेला कार्बॉक्सिल गट आला. तेवढ्याने हर्गचा धोका जवळजवळ संपला. व्हिनाच्या मूळ स्कोअरिंगमध्ये विद्युतभाराचं पदच नाही. पीडीबीक्यूटी फाइलमध्ये भाराचा रकाना असतो, पण व्हिना तो वाचत नाही. त्यामुळे भार आल्याने जो फरक पडला तो दाखवायला त्याच्याकडे साधन नाही. हर्गची २०१७ मध्ये आलेली क्रायो-ईएम (गोठवलेल्या नमुन्याची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मिळवलेली) रचना ३.८ अँगस्ट्रॉमची, त्या स्पष्टतेला टायरोसिन ६५२ आणि फेनिलॲलॅनिन ६५६ या औषध धरून ठेवणाऱ्या अमिनो आम्लांच्या बाजूच्या साखळ्या नेमक्या कुठे आहेत याची खात्री कमी, आणि व्हिना मुळात त्यांना ताठ धरतं. सीवायपीचीही अडचण तशीच. किटोकोनॅझोलचा नायट्रोजन हीममधल्या लोहाशी थेट बंध जोडतो, तर व्हिना धातूला फक्त हायड्रोजन बंधाचा दाता समजतं. पॅरासिटामॉलपासून बनणाऱ्या नॅपक्वीसारख्या घातक चयापचयजांबद्दल बोलायलाच नको. तुम्ही दिलेल्या रेणूपलीकडे व्हिनाला काही दिसत नाही.

विषारीपणासाठी क्यूसार प्रारूपं (रेणूच्या रचनेवरून गुणधर्म सांगणारी) आणि रचनात्मक इशारे (धोक्याचे रासायनिक गट) वापरा आणि तुमचा रेणू त्या प्रारूपाच्या कक्षेत बसतो का हे आधी तपासा. औषधातल्या अशुद्धींच्या उत्परिवर्तकतेसाठी असलेली आयसीएच या औषधनियमांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची एम७ मार्गदर्शिकाही दोन परस्परपूरक पद्धती मागते, एक तज्ज्ञांच्या नियमांवर आधारलेली आणि एक सांख्यिकी. डॉकिंग त्यात नाही.

इतकं असूनही व्हिना घ्याच. पोज शोधण्यात ते वेगवान आहे, दस्तऐवजीकरण नेटकं आहे, १.२ पासून पायथनमधून थेट चालवता येतं आणि हवं तर ऑटोडॉक ४ चं स्कोअरिंगही त्यातच निवडता येतं. प्रबंधाच्या पद्धती विभागात आवृत्ती, सीड, बॉक्सचा मध्य आणि बाजू, एक्झॉस्टिव्हनेस, लिगँडची प्रोटॉनस्थिती आणि कोणतं पाणी ठेवलं-काढलं हे लिहा, आणि दोन्ही पीडीबीक्यूटी फाइल परिशिष्टात जोडा.